शांतता राखणं वेगळं, शांतता करणं वेगळं

(धाराशिव इथे तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करतो. आलिम नाही, नेता नाही, साहित्यिक तर अजिबात नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत शांततेवर एक धडाही नव्हता. त्यामुळे आज मी उपदेश करणार नाही. एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. माणूस वसईचा, धर्माने ख्रिस्ती, पण गोष्ट तुमच्या शहरात घडलेली आहे. त्या गोष्टीतून आपल्याला काय घेता येतं, एवढंच बघू.

आपल्याकडे शांतता म्हटलं की काय आठवतं? पोलीस ठाण्यातली शांतता समितीची बैठक. गणपती, ईद, मोहरम, शिवजयंती जवळ आली की दोन्हीकडच्या ज्येष्ठांना बोलावणं जातं. साहेब बोलतात, चहा होतो, फोटो निघतो. मी या बैठकांची थट्टा करत नाही, त्या व्हायलाच हव्यात. पण ते शांतता राखणं झालं. राखण आपण कशाची करतो? शेतात उभ्या असलेल्या पिकाची. पेरलंच नसेल तर माचाणावर बसून राखायचं काय?

येशू ख्रिस्तांनी डोंगरावरून जे प्रवचन दिलं, त्यात ज्यांना देवाची लेकरं म्हटलंय ते शांतता आवडणारे लोक नाहीत, शांतता करणारे आहेत. आपल्याकडेही तसंच आहे. सूरह हुजुरातमध्ये दोन गट भांडले तर त्यांच्यात सुलह करा, असा हुकूम आहे. सूरह फुस्सिलतमध्ये वाईटाला त्याहून चांगल्याने उत्तर द्यायला सांगितलंय. सुलह आणि इस्लाह हे एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. मोडलेलं नीट करणं, असा त्यांचा अर्थ. म्हणजे हे काम आहे. नुसतं गप्प बसून ते होत नाही.

आता ती गोष्ट.

जानेवारी 2020. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, 93 वं, तुमच्या शहरात भरलं होतं. तेव्हा शहराचं अधिकृत नाव उस्मानाबाद होतं. मी त्या वेळचं बोलताना उस्मानाबाद म्हणेन, आजचं बोलताना धाराशिव. नावाचा वाद आज आपला विषय नाही.

या संमेलनाचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. या संमेलनाच्या इतिहासातले पहिले ख्रिस्ती अध्यक्ष. सप्टेंबर 2019 मध्ये त्यांची एकमताने निवड झाली आणि लगेच विरोध सुरू झाला. विश्व हिंदू परिषदेसह काही संघटनांनी आक्षेप घेतला. मराठी साहित्याच्या व्यासपीठावर पाद्री कशाला, तो तर धर्मप्रसारक, असा सूर होता. महामंडळाच्या पदाधिकाऱ्यांना धमक्यांचे फोन आले. उद्घाटक होते कवी ना. धों. महानोर. त्यांनी संमेलनाला जाऊ नये म्हणून त्यांच्यावरही दबाव आणला गेला.

हा दबाव किती खरा होता हे समजायला आणखी एक वर्ष मागे जावं लागेल. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या संमेलनाला लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटक म्हणून बोलावलं होतं. विरोध होईल म्हणून आयोजकांनी ते निमंत्रण मागे घेतलं. महाराष्ट्रभर त्याची चर्चा झाली. म्हणजे धमकी दिली की माघार घेतली जाते, हे एकदा सिद्ध झालं होतं. उस्मानाबादला तसंच होईल, असं अनेकांना वाटलं असणार.

तसं झालं नाही. महामंडळाचे अध्यक्ष कौतिकराव ठाले-पाटील मागे हटले नाहीत. स्वागताध्यक्ष नितीन तावडे आणि इथली मराठवाडा साहित्य परिषदेची मंडळी मागे हटली नाहीत. महानोर आले. कडक बंदोबस्तात 10 जानेवारीला संमेलन सुरू झालं. संमेलनाच्या जागेला तेरच्या संत गोरोबा काकांचं नाव दिलं होतं. गोरोबा काकांची कथा तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. मडकं पक्कं आहे की कच्चं, हे कुंभार थापटून बघतो. त्या वर्षी जिल्ह्यालाच कुणीतरी थापटून बघत होतं, आणि मडकं पक्कं निघालं.

फादर दिब्रिटो तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले. पाठीचं दुखणं घेऊन, चारशे किलोमीटरहून जास्त प्रवास करून आले. तब्येतीमुळे त्यांना तिन्ही दिवस थांबता आलं नाही. पण अध्यक्षीय भाषण त्यांनी केलं.

आता विचार करा. तुमच्या नावाला विरोध आहे, फोनवर धमक्या येतायत, सगळ्या कॅमेऱ्यांचं लक्ष तुमच्यावर आहे. अशा वेळी शांततेच्या नावाखाली काय करायचा मोह होतो? गोड बोलायचा. भाषा, संस्कृती, साने गुरुजी एवढं बोलून खाली बसायचं. कुणी दुखावलं नाही, सगळे टाळ्या वाजवतील.

त्यांनी ते केलं नाही. संमेलनाच्या पाच दिवस आधी, 5 जानेवारीला, दिल्लीच्या जेएनयूत बुरखाधारी टोळक्याने विद्यार्थ्यांना मारहाण केली होती. त्यावर ते बोलले. धर्माच्या नावाने होणाऱ्या हिंसेवर बोलले. अशा वेळी लेखकाने मौन धरू नये, असं सांगितलं. आणि एक गोष्ट केली नाही. ज्यांनी विरोध केला होता त्यांच्यावर ते तुटून पडले नाहीत. माझ्यावर किती अन्याय झाला, हे भाषणाचा विषय केलं नाही. दुसऱ्यांवर होणाऱ्या अन्यायावर बोलले.

मला यात शांतता करणाऱ्या माणसाची खूण दिसते. तो स्पष्ट बोलतो, पण स्वतःच्या जखमेवर बोट ठेवून बोलत नाही.

बरं, ही ताकद आली कुठून? व्यासपीठावर अचानक येत नाही. त्यामागे चाळीसेक वर्षांचं काम होतं. त्यातल्या दोनच गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट वसईची. 1988 च्या सुमाराला वसईचा हिरवा पट्टा बांधकामाला मोकळा होणार होता. केळीच्या, फुलांच्या, भाजीच्या बागा. विहिरींचं पाणी टँकरने बाहेर जात होतं. बिल्डर, गुंड आणि राजकारणी यांची साखळी होती आणि तिची दहशत होती. बोलायला लोक घाबरायचे. तेव्हा दिब्रिटो आणि त्यांच्या साथीदारांनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली. नाव नीट ऐका. हरित, वसई, संरक्षण. त्यात धर्म नाही. वसईत ख्रिस्ती समाज मोठा आहे, चर्च मजबूत आहे. ख्रिस्ती बचाव समिती काढली असती तर गर्दी लवकर जमली असती. पण पाणी सगळ्यांचं होतं, म्हणून समितीही सगळ्यांची झाली.

दुसरी गोष्ट भाषेची. वसईच्या चर्चचं 'सुवार्ता' नावाचं मराठी मासिक आहे. 1983 पासून 2007 पर्यंत ते त्याचे संपादक होते. एका समाजाचं मासिक त्यांनी मराठीच्या मोठ्या प्रवाहाला जोडलं. बायबल आजच्या मराठीत आणलं, 'सुबोध बायबल'. इस्रायल आणि पॅलेस्टाइनमध्ये फिरून 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' लिहिलं. मराठीत त्या भूमीची माहिती हवी असेल तर आपल्यातल्या मुलांनी ते पुस्तक जरूर वाचावं. हे सगळं मराठीत, सगळ्या मराठी वाचकांसाठी.

म्हणून 2019 मध्ये जेव्हा विचारलं गेलं की हा पाद्री मराठीचा कोण लागतो, तेव्हा त्यांना स्वतः उत्तर द्यावं लागलं नाही. कामाने दिलं. आणि ज्यांनी ते काम वाचलं होतं, पाहिलं होतं, ते त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यात बहुतेक हिंदू होते, हे मुद्दाम सांगतो.

हा प्रश्न आपल्यालाही विचारला जातो. तुम्ही मराठीचे कोण? आपल्या घरात दखनी बोलतात, बाहेर मराठी, आणि दोन्हीकडे कुणीतरी हसतं. पण बघा. 1616 मध्ये गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचलं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला. 1990 मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. यू. म. पठाण, संतसाहित्याचे मोठे अभ्यासक. म्हणजे या भाषेत आपण पाहुणे नाही. पण घरच्या माणसाने घरात वावरायला हवं, घरचं काम करायला हवं. नुसतं सातबाऱ्यावर नाव असून जमीन पिकत नाही.

आता थोडं अवघड बोलतो, कारण या जिल्ह्यात शांततेवर बोलताना ते टाळणं खोटं ठरेल.

आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. शेवटच्या काळात रझाकारांनी गावोगाव अत्याचार केले. त्याच्या आठवणी इथल्या हिंदू घरांत आहेत आणि त्या खऱ्या आहेत. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस अॅक्शन झाली. त्यानंतर रझाकारांशी काही संबंध नसलेल्या मुसलमानांवर सूड उगवला गेला. त्याच्या आठवणी आपल्या घरांत आहेत, आणि त्याही खऱ्या आहेत. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीला पाठवलं. सर्वात जास्त झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. कित्येक दशकं तो अहवाल लोकांसमोर आला नाही.

त्या अहवालात एक गोष्ट आहे, ती मला तुमच्यापर्यंत पोहोचवायची आहे. इतक्या भयंकर दिवसांतही हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवल्याची उदाहरणं त्यात नोंदवली आहेत. आणि ती कुठे जास्त दिसली? एकच धंदा करणाऱ्यांमध्ये. काही ठिकाणी हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी उभे राहिले आणि त्यात काहींनी स्वतःचा जीव गमावला.

विणकरासाठी विणकर. मी हे वाचलं तेव्हा मला हरित वसई आठवली. जिथे रोजचं काम एकत्र होतं, तिथे वाईट दिवशी कुणीतरी दारात उभं राहिलं. सद्भावनेच्या भाषणांनी हे झालं नव्हतं. शांतता आधी पेरलेली होती, मागावर बसून, एकमेकांना सूत उधार देऊन.

आता मला माहीत आहे, तुमच्यातल्या काहींच्या मनात एक प्रश्न आहे. दरवेळी आम्हीच का? शिव्या आम्ही खायच्या, संशय आम्ही सोसायचा, आणि शांतताही आम्हीच करायची? प्रश्न बरोबर आहे. त्याला तीन उत्तरं देतो.

एक. शांतता करणं म्हणजे हक्क सोडणं नाही. ओडिशात जानेवारी 1999 मध्ये ग्रॅहम स्टेन्स या ख्रिस्ती माणसाला त्याच्या दोन लहान मुलांसह गाडीत जाळून मारलं. ते कुष्ठरोग्यांची सेवा करायचे. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि त्या पुढे काही वर्षं तिथेच राहून कुष्ठरोग्यांचं काम करत राहिल्या. पण खटला थांबला नाही. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मुख्य आरोपी दारा सिंगची जन्मठेप 2011 मध्ये कायम झाली. क्षमा त्या बाईच्या मनातली गोष्ट होती, शिक्षा कायद्याची. तुमच्यावर अन्याय झाला तर तक्रार नोंदवा, वकील करा, संविधानाचं कलम पाठ करा. उस्मानाबादचं संमेलनही बंदोबस्तातच झालं. कायद्याचं संरक्षण घेण्यात कसलाही कमीपणा नाही.

दोन. शांतता करणारा कमजोर दिसतो, पण तो नेमकं काय सोडतो आणि काय सोडत नाही ते बघा. इसवी सन 628, हुदैबिया. तहाच्या कागदावर पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या नावापुढे अल्लाहचे रसूल लिहिलं, तर मक्केच्या वकिलाने हरकत घेतली. हजरत अली ते शब्द खोडायला तयार नव्हते. पैगंबरांनी ते काढायला लावले. हजरत उमर यांच्यासारखा माणूस अस्वस्थ झाला, की आपण एवढं का नमतोय? पण कागदावरचे शब्द गेले म्हणून रिसालत गेली नाही, आणि मिळालेल्या शांततेत इस्लाम जास्त पसरला. कुठल्या गोष्टीवर अडायचं आणि कुठली सोडून द्यायची, हे रागात कळत नाही. दिब्रिटोंनी अध्यक्षपद सोडलं नाही, हिंसेवर बोलणं सोडलं नाही. सोडलं ते फक्त उलट शिवी देणं.

तीन. हे काम एकट्या अल्पसंख्याकाचं नाहीच. उस्मानाबादला निमंत्रण देणाऱ्यांनी ते मागे घेतलं असतं, तर दिब्रिटो घरी कितीही धीराने बसले असते तरी उपयोग नव्हता. यजमान ठाम राहिले म्हणून पाहुणा बोलू शकला. म्हणून आपल्या हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती दोस्तांना हे सांगायचा आपल्याला हक्क आहे, की आमच्या वेळी तुम्ही बोला. आणि त्यांच्या वेळी आपण बोलायचं. दिब्रिटोंवर फोन येत होते तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी त्यांच्या बाजूने चार ओळी लिहिल्या? हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता माझ्या धंद्याचं थोडं बोलतो, कारण आजची भांडणं चौकात सुरू होत नाहीत, खिशात सुरू होतात.

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाइलवर फिरत होती. भिक्षा मागत गावात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. ना हिंदू-मुसलमान वाद, ना जुनं वैर. फक्त एक फॉरवर्ड. त्याच महिन्यात वॉट्सॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा आणली. एप्रिल 2020 मध्ये फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. कंपनीने सांगितलं की त्यामुळे असे फॉरवर्ड 70 टक्क्यांनी कमी झाले.

इंजिनिअर म्हणून मला यात एक साधी गोष्ट दिसते. त्यांनी कुणाचं मन बदललं नाही. द्वेष करणारा द्वेष करतच राहिला. फक्त मधे एक थांबा टाकला. आणखी एकदा बोट दाबावं लागतं, एवढ्यानेच बहुतेक लोक थांबले. म्हणजे द्वेष पसरवणारे मूठभर असतात. बाकीचे सवयीने पुढे ढकलतात.

तो थांबा तुम्ही होऊ शकता. तुमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर एखादा भडक व्हिडिओ आला, तर तो तुमच्यापाशी थांबला पाहिजे. कुठला आहे, कधीचा आहे, हे शोधा. खोटा निघाला तर त्याच ग्रुपवर शांतपणे लिहा. खरा निघाला तर पोलिसांकडे द्या, चौकात देऊ नका. आणि स्टेटस ठेवून उत्तर देऊ नका. स्टेटसने आजवर कुणाला समजावलेलं नाही. ज्याच्याशी बोलायचंय त्याला फोन करा.

पण फोन करायला नंबर हवा. मुद्दा तिथेच येतो. तुमच्या मोबाइलमध्ये दुसऱ्या समाजातल्या किती जणांचे नंबर आहेत, ज्यांना तुम्ही रात्री अकरा वाजता उठवू शकता? दुकानदार, सर, रिक्षावाला असे कामाचे नंबर मोजू नका. असे दोन नंबर नसतील, तर सणाच्या आदल्या दिवशी शांतता समितीत बसून ते मिळणार नाहीत.

म्हणून सद्भावना रॅली काढा असं मी म्हणणार नाही. काम काढा. या जिल्ह्यात कामाला तोटा नाही. पाणी आहे. उन्हाळ्यात टँकर येतो तो धर्म विचारून येत नाही. तुमच्या गावातला आड, बारव साफ करायला हवी असेल, तर दुसऱ्या आळीतल्या पोरांना घेऊन करा. शाळेचं वाचनालय आहे. त्यात मराठी पुस्तकं भरा, आणि मुस्लिम मराठी लेखकांचीही भरा. पीक विम्याचे अर्ज आहेत, शिष्यवृत्तीचे अर्ज आहेत. आपल्यातली कॉम्प्युटर येणारी पोरं सगळ्या गावाचे अर्ज भरून देऊ शकतात. आणि नाव ठेवाल तेव्हा वसईची आठवण ठेवा. समितीच्या नावात गाव असू द्या.

फादर दिब्रिटो 25 जुलै 2024 ला गेले. ज्यांनी त्यांना विरोध केला होता, त्यांचं मत बदललं का? मला तसं वाटत नाही. वसईतही बांधकाम पूर्ण थांबलं नाही. शांतता करणारा माणूस प्रत्येक लढाई जिंकतो असं नाही, हेही तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं. पण पुढच्या वेळी कुणी धमकी दिली, तर या शहराकडे सांगायला एक उदाहरण आहे, की आम्ही एकदा पाहुण्याला खाली उतरवलं नव्हतं. ते उदाहरण आपल्या शहराचं आहे, ते सांगत राहणं आपलंही काम आहे.

माझं बोलणं इथे थांबवतो. जेवणाला अजून वेळ आहे, तर तालुक्याप्रमाणे बसू या. प्रत्येक तालुक्याने एक काम ठरवायचं, आणि त्यासाठी दुसऱ्या समाजातल्या कोणत्या दोघांना या आठवड्यात भेटणार, ती नावं लिहायची. परंडा आणि भूम एकत्र बसा, तुमची संख्या कमी आहे.